यादीतील शेवटचा जिन्नस

शाळेत तीस-बत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला एक खोड जडते. कोणतेही कार्य निघाले की तो प्रथम कागदावर रेघा ओढतो. वार्षिक तपासणी असो, सहामाही परीक्षा असो वा स्नेहसंमेलन. अनुक्रमांक, काम, कोणाकडे आणि शेरा असे चार रकाने आखल्याखेरीज आम्हां मास्तर मंडळींना काम सुरू झाल्यासारखे वाटतच नाही. २०२४ च्या दिवाळीनंतर आमची एकुलती कन्या पहिल्या बाळंतपणासाठी पुण्याहून निपाणीस माहेरी आली, तेव्हा मी असाच एक कागद आखून स्वयंपाकघराच्या दाराला लावला.

यादी चोख होती, याची मला खात्री होती. डिंक, खारीक, गोडंबी, अळीव, ओवा, बाळंतशेपा, वेखंड, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी, कुंची, झबली, तपासण्यांचे कागद, रक्तगटाचा दाखला, वेळी-अवेळी येणारी गाडी आणि ती न आल्यास दुसरी गाडी, वेळ पडल्यास रक्त देणाऱ्यांची नावे, पैशाची तजवीज. एकूण सव्वीस बाबी. प्रत्येकीपुढे ‘कोणाकडे’ या रकान्यात घरातल्या कोणाचे ना कोणाचे नाव.

संक्रांतीच्या सुमारास एके दिवशी सकाळी चहाला गेलो, तो यादीच्या तळाशी पेन्सिलीने एक ओळ वाढलेली दिसली. अक्षर मुलीचे होते. ‘२७. माझी भीती.’ आणि ‘कोणाकडे’ या रकान्यात एक प्रश्नचिन्ह.

खरे सांगायचे तर मला प्रथम थोडा रागच आला. एवढी सगळी व्यवस्था केलेली असताना भीती कसली? मी तिला समोर बसविले आणि वर्गात सांगावे तसे आकडे सांगितले. आपल्या देशात १९९२-९३ च्या सुमारास शंभरांपैकी जेमतेम सव्वीस बाळंतपणे दवाखान्यात होत. २०१९-२१ च्या पाहणीत ती संख्या एकोणनव्वदांच्या घरात गेली, आणि आपल्या कर्नाटकात तर सत्त्याण्णववर. तेव्हा आता घाबरण्याचे कारण उरलेले नाही.

शेवटच्या तासाला मुले ऐकतात तसे तिने सारे निमूटपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, “बाबा, हे सगळं मला ठाऊक आहे. जो येतो तो म्हणतो, घाबरू नकोस. पण भीती वाटलीच तर तिचं काय करायचं, हे कोणीच सांगत नाही.”

या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. आणि ज्या प्रश्नाचे उत्तर आपल्याजवळ नसते तो प्रश्नच अवांतर आहे असे मानण्याची आम्हां शिक्षकांची जी जुनी युक्ती, ती करून मी शाळेला निघून गेलो.

वास्तविक गर्भिणीच्या मनाची काळजी आपल्या पूर्वजांनी केली नव्हती असे नाही. ‘डोहाळे’ हा आपला शब्द ‘दौहृद’ या संस्कृत शब्दापर्यंत जाऊन पोहोचतो. दोन हृदये असलेली ती दौहृदिनी. तिच्या इच्छा या दोन जिवांच्या इच्छा, म्हणून त्या डावलू नयेत, हा त्यामागचा विचार. गर्भधारणा टिकविणाऱ्या गोष्टींत मनाची प्रसन्नता ही सर्वश्रेष्ठ, असे चरकसंहितेने म्हटले आहे. सीमंतोन्नयनाच्या विधीत वीणा वाजविणाऱ्यांना गायला सांगण्याची प्रथा गृह्यसूत्रांत आली आहे. आमच्या सीमाभागात मराठी घरी डोहाळजेवण होते तसे शेजारच्या कानडी घरी ‘कुबस’ होते. दोहींकडे हिरवे वस्त्र, हिरवा चुडा, फुले आणि पक्वान्ने. आमच्या मुलीची ओटी मार्गशीर्षात भरली, तेव्हा शेजारच्या कानडी अव्वाही खण घेऊन आल्या होत्या. सारे यथासांग झाले होते. मग ही भीती शिरली कोठून?

ते मला त्याच रात्री कळले. दोनच्या सुमारास जाग आली, तो मागच्या पडवीत कोणी येरझारा घालीत होते. मी बाहेर गेलो. ती कठड्याला टेकून उभी राहिली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, “बाबा, माझ्या आधी तुम्हांला एक मूल झालं होतं ना? डोहाळजेवणाच्या दिवशी दोघी बायका बोलत होत्या. मी आत गेले तशा गप्प झाल्या.”

वाचकहो, जी गोष्ट मी आमच्या घराच्या उंबऱ्यातून तीस वर्षे आत येऊ दिली नव्हती, ती अशी मागच्या दाराने येऊन उभी राहिली.

१९९५ साली मी हुक्केरी तालुक्यातील एका खेड्यात सहशिक्षक होतो. लग्नाला दोन वर्षे झाली होती. माझी पत्नी गडहिंग्लजकडची. तिला पहिल्या बाळंतपणासाठी येत्या सोमवारी माहेरी पोहोचवायचे ठरले होते. आठवा महिना चालू होता. आषाढातला पाऊस लागला होता, हिरण्यकेशीला पाणी आले होते, आणि शनिवारी रात्री तिला अकाली कळा सुरू झाल्या. गावात एकच जीप होती. ती दुसऱ्या गावी गेलेली. ती येईपर्यंत आणि आम्ही तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत उजाडले. दुपारी मुलगी झाली. ती रडली नाही.

चौथ्या दिवशी पत्नीला घरी आणले, तेव्हा मी माझ्या आईला, सासरच्या मंडळींना आणि शेजाऱ्यांना हात जोडून एकच विनंती केली : हिच्यासमोर तो विषय कोणी काढू नये. झाले गेले गंगेला मिळाले. शिवून ठेवलेली झबली मी स्वतः गाठोड्यात बांधून एका गरजू घरी देऊन टाकली. ही माझी माया होती, असे मी समजत होतो. पुढे १९९७ साली ही कन्या झाली, सुखरूप झाली, आणि ते पान मिटले असे मी मनाशी ठरवून टाकले.

आता ते पान मुलीने उघडले होते, तेही अर्धेच. अर्धवट ऐकलेली गोष्ट ही पुऱ्या गोष्टीपेक्षा अधिक भयंकर असते, कारण उरलेली अर्धी आपले मन रचीत बसते. आपल्या आईच्या बाबतीत काहीतरी इतके वाईट घडले आहे की ते उच्चारताही येत नाही, आणि तेच आपल्या रक्तातही असेल, अशी गाठ तिने मनाशी बांधली होती. मी काही बोलणार तोच मागून पत्नीचा आवाज आला. ती केव्हा उठून दारात येऊन उभी राहिली होती, कोण जाणे. म्हणाली, “बस इथं. मी सांगते.”

त्या रात्री पडवीत बसून तिने जे सांगितले ते मीही प्रथमच ऐकत होतो. मला वाटत आले होते की तिच्या दुःखाची मला पूर्ण माहिती आहे. मी त्या प्रसंगी हजर होतो ना! पण मी बाहेरच्या बाकावर होतो आणि ती आत होती. ती म्हणाली, “कळांचं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की ओळखीचं एकही तोंड नव्हतं. सगळ्या कानडी बोलत होत्या, मला एक अक्षर कळत नव्हतं. माझं काय होतंय, पुढं काय होणार, कोणाला विचारू? मग एक म्हातारी आया आली. तिनं माझा हात धरला आणि सारखी म्हणत राहिली, ‘हेदरब्याड तंगी, हेदरब्याड.’ मला वाटलं, ही कसली तंगी म्हणते? औषधाची की रक्ताची? पण तिनं हात काही सोडला नाही. शेवटपर्यंत सोडला नाही.”

कन्नडमध्ये ‘तंगी’ म्हणजे धाकटी बहीण. ‘घाबरू नको, बहिणी,’ असे ती आया म्हणत होती. तो अर्थ पत्नीला वर्षभराने, शेजारणीशी बोलताना कळला. आणि तो कळला त्या दिवशी ती चुलीपुढे बसून रडली. मी शाळेतून आलो तेव्हा, “धूर गेला डोळ्यांत,” असे म्हणाली होती. ते मला आठवले. मी फुंकणी तपासली होती, हेही आठवले.

आणखी एक गोष्ट तिने सांगितली. या मुलीच्या वेळी ती रोज दुपारी एक वाटी घेऊन बसत असे आणि पोटातल्या प्रत्येक हालचालीबरोबर तिच्यात तांदळाचा एक दाणा टाकीत असे. संध्याकाळी दाणे मोजायची. कमी भरले की तिचा जीव थाऱ्यावर नसे. ती वाटी मी अनेकदा पाहिली होती. मला वाटले, देवीला कसला तरी नवस बोलली असेल. मी कधी विचारले नाही. विचारू नये, असा नियम मीच घातला होता.

मुलगी आईच्या मांडीवर डोके ठेवून ऐकत होती. शेवटी तिने एवढेच विचारले, “आई, मग तुलाही भीती वाटत होती?” ही म्हणाली, “वाटत होती? नऊ महिने दुसरं काही वाटतच नव्हतं.” आणि आश्चर्य असे, की ते ऐकून मुलगी हसली. त्या रात्री ती सकाळी आठपर्यंत झोपली.

मला त्यानंतर बरेच दिवस डॉ. आनंदीबाई जोशी यांची आठवण होत राहिली. त्यांच्या चरित्राविषयी मी वर्गात कितीतरी वेळा बोललो आहे. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि वैद्यकीय मदतीअभावी तो दहाच दिवसांत गेला. त्या दुःखातून त्या वैद्यकाकडे वळल्या, समुद्र ओलांडून पेनसिल्व्हेनियाला गेल्या, आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. पदवीसाठी त्यांनी जो प्रबंध लिहिला त्याचा विषयही हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच. आमच्या निपाणीपासून जेमतेम चाळीस किलोमीटरांवर असलेल्या कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांना देऊ करण्यात आली होती. परंतु ती हाती घेण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी झालेली नसताना, त्यांचे पुण्यात निधन झाले. हा सारा इतिहास मी तळमळीने शिकवीत असे. एका मातेच्या दुःखातून एवढे कार्य उभे राहिले, असे मुलांना सांगत असे. आणि माझ्याच घरात एका मातेच्या दुःखावर मी झाकण ठेवून बसलो होतो.

असो. दुसऱ्या दिवशी मुलीने शाळेच्या कपाटातली एक शंभर पानी वही मागून घेतली. डाव्या पानावर ती आपली भीती लिही, जशी असेल तशी. उजवे पान कोरे ठेवी. आम्ही दोघे आणि शनिवार-रविवारी पुण्याहून येणारे जावई, असे चौघे मिळून उजवे पान भरण्याचा प्रयत्न करीत असू. आठ-पंधरा दिवसांत माझ्या ध्यानात आले की या भीतीचे तीन प्रकार आहेत. काही भीती माहितीने जातात, काही व्यवस्थेने जातात, आणि काही कशानेच जात नाहीत.

पहिल्या प्रकारासाठी आम्ही बेळगावला डॉक्टरीणबाईंकडे वही घेऊनच गेलो. त्यांनी एकेक प्रश्न शांतपणे वाचला. कळा सतत नसतात, त्या येतात आणि ओसरतात. मधल्या विसाव्यात अंग सैल सोडून दीर्घ श्वास घ्यायचा, तोच विसावा पुढच्या कळेचे बळ असतो. पहिलटकरणीला गर्भाशयाचे तोंड दहा सेंटिमीटर उघडण्यास बारा तास किंवा त्याहूनही अधिक लागू शकतात. त्यात काही बिघडले असे नव्हे. कळा नियमित, पाच-पाच मिनिटांनी येऊ लागल्या की निघायचे. परंतु अंगावरून रक्त वा पाणी जाणे, बाळाची हालचाल मंदावणे, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, झटके अथवा ताप यांपैकी काहीही झाल्यास वाट न पाहता तत्काळ यायचे. पोट चिरून मूल काढावे लागले तर तो आईचा पराभव नव्हे. तोही सुटकेचा एक मार्गच आहे. तेथील परिचारिका श्वासाचा सराव करून घेताना सारखी ‘उसिरु, उसिरु’ म्हणे. कन्नडमध्ये श्वासाला ‘उसिरु’ म्हणतात आणि गर्भारपणाला ‘बसिरु’. दोन शब्दांत एका अक्षराचे अंतर. मला ते फार अर्थपूर्ण वाटले.

प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाचीही मुलीला धास्ती होती. त्यावर डॉक्टरीणबाईंनी जे सांगितले ते आपल्या भागातील प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे आहे. बेळगाव जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत २००२ ते २००५ या काळात १,६२० स्त्रियांच्या सहभागाने एक मोठा प्रयोग झाला. प्रसूतीनंतर लगेच मिसोप्रोस्टॉल नावाच्या साध्या गोळ्या दिल्याने अतिरक्तस्रावाचे प्रमाण बारा टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. त्या गोळ्या दिल्या होत्या गावोगावच्या प्रशिक्षित परिचारिकांनी. २००६ साली हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि जगभर वाचले गेले. आपल्या मातीतील बायाबापड्यांनी जगाला दिलेले हे ज्ञान आहे, हे ऐकून मुलीच्या चेहऱ्यावर भीतीऐवजी कौतुक दिसले.

दुसरा प्रकार व्यवस्थेचा. १९९५ सालची ती रात्र आठवून आम्ही ठरविले की शेवटचे पंधरा दिवस बेळगावला टिळकवाडीत माझ्या धाकट्या भावाकडेच मुक्काम हलवायचा. पण वहीतला सर्वांत मोठा प्रश्न होता : ‘मी आत एकटीच असेन का?’

याविषयी मी थोडे वाचन केले आणि मला नवल वाटले. चरकाने सूतिकागाराचे वर्णन करताना, अनेकदा प्रसूत झालेल्या, प्रेमळ आणि धीर देणाऱ्या स्त्रियांनी आसन्नप्रसवेच्या भोवती असावे, असे सांगितले आहे. कळ आलेली नसताना जोर करू नये, हेही तिला त्यांनीच समजावायचे. आमच्या आजीच्या काळापर्यंत घरोघर हेच चालत असे. पुढे बाळंतपण दवाखान्यात गेले. त्याने असंख्य जीव वाचले, आणि त्याबद्दल आधुनिक वैद्यकाचे उपकार मानावे तेवढे थोडेच. परंतु देह आत गेला तेव्हा सोबत मात्र बाहेरच्या बाकावर राहिली. आता शास्त्रच पुन्हा त्या सोबतीकडे वळले आहे. सतरा देशांतील पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांवरील सव्वीस प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. ज्या स्त्रीजवळ अखंड कोणी सोबत असते तिची प्रसूती नैसर्गिक रीतीने होण्याचा संभव अधिक, कळांचा काळ थोडा कमी, आणि त्या अनुभवाची कटू आठवणही कमी, असे त्यात आढळले. भारत सरकारने २०१६ साली सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतिणीस परवानगी देण्याचे धोरण स्वीकारले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली स्त्रीच्या पसंतीची सोबत असावी अशी शिफारस केली. डॉक्टरीणबाईंना विचारताच त्या म्हणाल्या, “एक जण आत राहू शकेल. कोण, ते तिनं ठरवायचं.” मुलीने क्षणाचाही विचार न करता आईकडे बोट दाखविले. जावईबापू मनाचे मोठे, ते म्हणाले, “मी दाराशी आहेच.”

राहिला तिसरा प्रकार. ‘बाळाला काही झालं तर?’ ‘त्याला पाहून मला मायाच वाटली नाही तर?’ या डाव्या पानांची उजवी पाने शेवटपर्यंत कोरीच राहिली. मी तेथे काहीतरी सुविचार लिहिणार होतो. पत्नीने हात धरला. दिवेलागणीला ती मुलीजवळ बसे, केसांना तेल लावी, आणि मुलीने ती भीती बोलून दाखविली की एवढेच म्हणे, “मलाही असंच वाटायचं.” मी प्रथम मनात म्हटले, याने काय होणार? पण होत होते. भीती जात नव्हती. तिचे एकटेपण जात होते.

येथे दोन गोष्टी स्पष्ट केल्या पाहिजेत. भीतीने स्नायू आवळतात, आवळल्याने वेदना वाढते आणि वेदनेने पुन्हा भीती वाढते, हे चक्र इंग्लंडमधील डॉ. ग्रँटली डिक-रीड यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच मांडले होते. त्यात तथ्य आहे. परंतु म्हणून जिला वेदना झाल्या तिचे मन दुबळे, असा उलटा आरोप कोणी करू नये. तसेच बाजारात आज गर्भसंस्काराच्या नावाने पुष्कळ काही मिळते. चांगले ऐकावे, चांगले वाचावे, याला कोणाची ना नाही. पण आई रडली म्हणून मुलाचे नुकसान झाले, अशी टोचणी जी गोष्ट लावते तिला संस्कार म्हणता येणार नाही. गर्भिणीला प्रसन्न ठेवण्याची जबाबदारी भोवतालच्या माणसांची आहे. प्रसन्न दिसण्याची सक्ती तिच्यावर करणे हा निराळाच छळ होय.

आणि ही काळजी बाळंतपणानंतर सुरू करून भागत नाही. शेजारच्या गोव्यातील मातांचा एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी शंभरांतील तेवीस माता खिन्नतेच्या विकाराने ग्रासलेल्या आढळल्या. आणि त्यांतील तीन चतुर्थांशांहून अधिक जणी गर्भारपणातच मानसिक त्रासात होत्या. म्हणजे दिवस भरण्याआधीच त्यांचे मन सांगत होते. ऐकणारे कोणी नव्हते. ‘बाळंतीण हळवी असतेच’ असे म्हणून आपण ते सोडून देतो. पहिल्या काही दिवसांतले हळवेपण आपोआप ओसरते. परंतु उदासी दोन आठवड्यांच्या पुढे टिकली, झोप उडाली, बाळाकडे पाहावेसे वाटेना, तर डॉक्टरांना सांगण्यात कमीपणा नाही. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ संस्थेत तर आई आणि बाळ यांना एकत्र ठेवून उपचार करणारा स्वतंत्र विभाग आहे. ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर घरबसल्या सल्लाही मिळतो.

माघात एका संध्याकाळी मुलीला कळा सुरू झाल्या. पत्नी तिच्याबरोबर आत गेली. मी आणि जावई बाहेरच्या बाकावर. तीस वर्षांनी मी पुन्हा तशाच बाकावर होतो; परंतु या वेळी आत काय चालले असेल याची मला कल्पना होती, कारण मी ऐकले होते. चौदा तास गेले. मग बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावू लागले आणि डॉक्टरीणबाईंनी शस्त्रक्रियेचा निर्णय घेतला. वहीत ते पान होते. मुलीने दोन प्रश्न विचारले आणि सही केली. शस्त्रक्रियागृहाच्या दारापर्यंत आईचा हात तिच्या हातात होता. पत्नी बाहेर येऊन माझ्याशेजारी बसली, तेव्हा तिच्या तळहातावर नखांच्या चार चंद्रकोरी उमटलेल्या होत्या. ती त्यांच्याकडे पाहत म्हणाली, “त्या आयाच्या हातावरही अशाच उठल्या असतील.”

मुलगी झाली. ती रडली, चांगली खणखणीत रडली.

तिसऱ्या दिवशी बाळंतीणही रडली, विनाकारण आणि पोटभर. आम्हांपैकी कोणीही तिला ‘रडू नकोस’ म्हटले नाही. जावई बाळाला घेऊन फिरत राहिले. आठवडाभरात ते आभाळ निवळले.

पाडव्याच्या आधी आम्ही सारे निपाणीला परतलो. स्वयंपाकघराच्या दारावर यादी तशीच होती. मुलीने खोडरबर घेऊन सत्ताविसाव्या ओळीतले प्रश्नचिन्ह पुसले आणि तेथे लिहिले, ‘सगळ्यांकडे.’ शेऱ्याचा रकाना तिने रिकामाच ठेवला. मीही तो भरण्याच्या भानगडीत पडलो नाही.

त्याच संध्याकाळी पत्नी नातीला मांडीवर घेऊन तिच्या टाळूवर तेल घालीत बसली होती. मी वर्तमानपत्र वाचीत होतो. ती कोणालाही उद्देशून नव्हे अशा स्वरात म्हणाली, “हिची मावशी आज एकोणतीस वर्षांची असती.”

पूर्वीचा मी असतो तर दिवा लावायला उठलो असतो, किंवा पावसापाण्याचे काही बोललो असतो. मी वर्तमानपत्र खाली ठेवले.

“येत्या आषाढात तीस पुरी झाली असती,” मी म्हणालो.

तिने चमकून माझ्याकडे पाहिले. मीही मोजीत होतो, हे तिला ठाऊक नव्हते. मग तिने काही न बोलता बाळाला उचलले आणि माझ्या मांडीवर ठेवले.